अवघड म्हणजे कठीण की दुर्घटना? सीमाभागातल्या वाचकासाठी दोन ऑनलाइन कोश

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात मराठी घरातही कन्नड वाचावंच लागतं. एफआयआरची प्रत, विम्याचे कागद, हायवेवरच्या पाट्या. लिपी येत असली तरी फसगत होते ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांपाशी. ‘अग्नि अवघड’ हे कन्नड पेपरातलं नेहमीचं शीर्षक. मराठी वाचणाऱ्याला त्यात ‘कठीण’ दिसतं, पण अर्थ आहे ‘आगीची दुर्घटना’. ‘भारी अनाहुत तप्पिदे’ यात बिनबोलावलेलं कोणी नाही. मोठा अनर्थ टळला, एवढंच सांगायचं आहे. हायवेवरच्या ‘अपघात वलय’मध्ये अपघात आपलाच, मात्र वलय म्हणजे क्षेत्र.

हा गुंता सोडवायला दोन फुकट सेवा उत्तम आहेत. पहिली शिकागो विद्यापीठाची, दक्षिण आशियाई भाषांच्या डिजिटल कोशांची. पत्ता : डीएसएएल डॉट यूशिकागो डॉट ईडीयू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, 1857) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (1932 ते 1950) हे दोन्ही तिथे आहेत. दुसरी सेवा ‘अलर’, व्ही. कृष्ण यांनी अनेक वर्षं खपून तयार केलेला कन्नड-इंग्रजी कोश. 2019 मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला आणि त्यात दीड लाखाच्या वर नोंदी आहेत.

शोधायची रीत अशी. आधी ‘अलर’वर कन्नड अर्थ पाहावा. कन्नड कीबोर्ड नसेल तर रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहिलं तरी चालतं. कन्नडमधला ‘अनाहुत’ ह्रस्व हु-चा आहे आणि मराठीतला ‘अनाहूत’ दीर्घ. मराठी सवयीने दीर्घ लिहाल तर भलत्याच नोंदीवर जाल. मग तोच शब्द देवनागरीत दाते-कर्वे कोशात टाकावा. मोल्सवर्थ शेवटी. त्यात शब्दाच्या कुळाची खूण कंसातल्या एका रोमन अक्षराने दिलेली असते : एस म्हणजे संस्कृत, पी फारसी, ए अरबी, एच हिंदी. ‘गफलत’, ‘आफत’ असे अरबी-फारसी वाटेने आलेले शब्द तपासताना ही खूण फार कामी येते.

सगळ्यात जास्त अडचण जुन्या शुद्धलेखनाची. दोन्ही मराठी कोश 1962 च्या नियमांआधीचे. त्यामुळे ‘आपत्ती’ शोधून हाती काही लागलं नाही तर ‘आपत्ति’ टाकून बघा, ‘हानी’ला ‘हानि’. ‘नाव’, ‘पाच’ अशा शब्दांवर अनुस्वार द्यावा लागतो : नांव, पांच. तरीही सापडलं नाही तर शीर्षशब्दांऐवजी पूर्ण मजकुरात शोध घ्यावा. निकालांची रास वाढते, पण म्हणी आणि वाक्प्रयोग त्यातच सापडतात.

एवढे कष्ट का घ्यायचे, ते ‘अवघड’पाशी कळतं. संस्कृत ‘घट्’ म्हणजे घडणं, जुळून येणं. प्राकृतातून येताना ट चा ड झाला; मराठी ‘घडणे’ त्यातूनच आलं आणि हिंदीतली ‘दुर्घटना’ही त्याच धातूची. नीट जुळत नाही ते मराठीत अवघड. वाईट घडलं ते कन्नडमध्ये अवघड. एक पाऊल पुढे जाऊन पाय अवघडतो, बाई अवघडलेली असते, दुखणं अवघड जागेचं असतं.

‘अपघात’चा उलगडा मात्र या कोशांच्या पलीकडे, संस्कृतात होतो. ‘अप’ आणि ‘हन्’ मिळून मूळ अर्थ दूर हाणणं, निवारण करणं. सांख्य दर्शनाचा जुना ग्रंथ असलेल्या सांख्यकारिकेच्या पहिल्याच श्लोकात ‘तदपघातके हेतौ’ असा पाठ येतो आणि तिथे दुःख घालवण्याच्या उपायाची गोष्ट चालली आहे. मराठीत आणि कन्नडमध्ये ‘अप’चा ‘वाईट’ हा अर्थ, अपमृत्यू-अपशकुनातला, वरचढ ठरला. मोनियर-विल्यम्सचा संस्कृत कोश (1899) कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. जुना अर्थ तिथे पाहता येतो.

उणिवा आहेत. या दोन्ही सेवांत मराठी-कन्नड थेट जोड नाही, मध्ये इंग्रजीचा पूल ओलांडावा लागतो. इंग्रजी कच्चं असलेल्या वडीलधाऱ्यांना मोल्सवर्थ आणि अलर दोन्ही जड जातात. दाते-कर्वे तेवढा मराठीतून अर्थ सांगतो, म्हणून घरात एकच सेवा दाखवायची तर तो दाखवावा. कन्नडसाठी अलरला आमची पहिली पसंती. त्याची सगळी माहिती मुक्त परवान्याखाली उतरवून घेता येते, त्यामुळे मराठी अर्थ जोडायचं काम सीमाभागातल्या एखाद्या कॉलेजला आजही हाती घेता येईल.