हँडब्रेक नऊ महिने वापरून: २२ जुन्या टेपा आणि एक खिडकी

बाबांनी मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर काढलेल्या २२ टेपा, शिवाय नंतरच्या फोनमधल्या शेकडो क्लिप. हे सगळं नीट लावून ठेवायचं म्हणून मी हँडब्रेक हे व्हिडिओ नव्या फाइलमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. मोफत आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. नऊ महिन्यांत त्यातून इतक्या फाइल काढल्या की आता खात्रीने काही सांगता येईल.

आधी एक घोळ निस्तरते. एमपी४ किंवा एमकेव्ही म्हणजे चित्राचा दर्जा नव्हे, तो नुसता डबा आहे. आतलं चित्र कोणत्या कोडेकने (चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतीने) दाबलंय ते महत्त्वाचं: २००३ चा एच.२६४, २०१३ चा एच.२६५ की २०१८ चा एव्ही१. तुम्हाला फक्त डबा बदलायचा असेल तर हँडब्रेक वापरूच नका. ते चित्र दर वेळी नव्याने एन्कोड करतं, म्हणजे पुन्हा दाबतं, आणि प्रत्येक एन्कोडमध्ये थोडं काहीतरी जातंच. एफएफएमपेग या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉपी’ लावून ते काम काही सेकंदांत होतं आणि चित्राला धक्काही लागत नाही.

पहिला महिनाभर मी सगळ्या फाइलना एकच सरासरी बिटरेट (सेकंदाला किती डेटा वापरायचा तो आकडा) लावला, १५०० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला १५०० किलोबिट. साइझ आधीच कळते, डिस्कचा हिशेब सोपा होतो. मग एका संध्याकाळी आजीची क्लिप मोठ्या पडद्यावर लावली. ती खिडकीशी बसून शाल विणतेय, बाहेर पाऊस, मागे झाड. टेपवर शालीचा एकेक टाका दिसत होता. माझ्या फाइलमध्ये टाके एकमेकांत विरघळले होते आणि खिडकीशेजारच्या अंधाऱ्या भिंतीवर चौकोन वळवळत होते.

कारण समजून घेतलं तेव्हा बरंच काही उलगडलं. कोडेक प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहितो. माणूस स्थिर बसून बोलत असेल तर बदल थोडा. पण पाऊस आणि हलणारी पानं म्हणजे फ्रेमभर बदलच बदल. शांत क्लिपला १५०० पुरून उरत होते, आजीच्या क्लिपला ते कमी पडत होते. पानांनी बिट खाल्ले आणि भिंत-शाल उपाशी राहिली.

त्यानंतर मी फक्त आरएफ, म्हणजे हँडब्रेकमधला दर्जाचा आकडा, वापरते. यात आपण दर्जा ठरवतो, साइझ जी होईल ती होते. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. हँडब्रेकचीच शिफारस आहे, जुन्या एसडी (कमी रेझोल्यूशनच्या) व्हिडिओला १८ ते २२, १०८०पी (फुल एचडी) ला २० ते २४. टेपांना मी एक्स२६४ (एच.२६४ बनवणारा एन्कोडर) आणि १८ लावते. फोनच्या क्लिपना एक्स२६५ (तसाच एच.२६५ चा) चं १०-बिट आणि २०. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १०-बिटमध्ये १०२४. संध्याकाळच्या आकाशात पट्टे पडायचे ते यामुळे बरेच कमी झाले. मात्र एच.२६५ जुन्या टीव्हीवर चालतंच असं नाही, तेव्हा कुणाला द्यायची फाइल असेल तर एच.२६४ बरं.

टेपांची खरी परीक्षा इंटरलेसिंगमध्ये आहे. या पाल (भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या) टेपांवर सेकंदाला २५ फ्रेम असल्या तरी प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं असतात, एकमेकांपासून १/५० सेकंदाने टिपलेले. तशीच एन्कोड केली तर आजीच्या विणायच्या सुयांना कंगव्यासारखे दाते फुटतात. साधं डीइंटरलेस केलं की दाते जातात, पण अर्धी हालचालही जाते. हात किंचित अडखळत चालतात. डीइंटरलेसमध्ये ‘बॉब’ निवडा, प्रत्येक फील्डची फ्रेम होते आणि सेकंदाला ५० फ्रेम मिळतात. सुया टेपवर जशा सरसर चालायच्या तशाच चालतात. हा पर्याय मला चौथ्या महिन्यात सापडला आणि त्या दिवशी खरंच भरून आलं.

७२०×५७६ चं चित्र ताणून १०८०पी करू नका. नसलेला तपशील त्यात येत नाही.

हार्डवेअर एन्कोडरचा, म्हणजे ग्राफिक्स चिपमध्येच बसवलेल्या एन्कोडरचा वेग भुरळ घालतो. एक तासाची क्लिप बघता बघता होते. पण तेवढ्याच साइझमध्ये शालीचे टाके एक्स२६४ च्या ‘स्लो’ या सावकाश सेटिंगवरच जास्त टिकले. पाठवायच्या फाइलला हार्डवेअर, ठेवायच्या फाइलला रात्रभर चालणारं सॉफ्टवेअर, असं मी ठरवून टाकलंय.

एक चूक मात्र मनाला लागून राहिली. सुरुवातीला जागा मोकळी करायला तीन टेपांच्या मूळ डीव्ही फाइल (टेपवरून संगणकात जशाच्या तशा उतरवलेल्या) मी पुसल्या. टेपा पुन्हा चालवल्या, तर एकीवर मधेच चौकोनांचे डाग उमटले. पहिल्या वेळी ते नव्हते. डीव्हीचा एक तास साधारण १३ जीबी, म्हणजे तासाच्या २२ टेपा २९० जीबीच्या आत. तेवढ्यासाठी मूळ कधीच पुसू नका.

नव्या टेपला हात घालण्याआधी मी त्यातला सगळ्यात अवघड तुकडा शोधते: पाणी, पानं, गर्दी किंवा अंधारी खोली. तेवढे ३० सेकंद १८, २० आणि २२ वर काढते आणि मोठ्या पडद्यावर चालू ठेवूनच बघते. थांबवलेली फ्रेम फसवते, चौकोनांची वळवळ चालत्या चित्रातच कळते.

खिडकीची क्लिप १८ वर पहिल्यापेक्षा तिप्पट मोठी झाली. टाके मोजता येतात.