सोलर फिल्म आणि ७० मिमी दुर्बीण: सोलापूरच्या गच्चीवरचा काही महिन्यांचा अनुभव

सूर्यावरचे डाग बघायचे असतील तर सुरुवातीलाच महागडं काही घेऊ नका. ७० मिमी व्यासाची साधी भिंगाची दुर्बीण आणि तिच्या तोंडावर बसवायची सोलर फिल्म, एवढ्यावर माझं काम गेले कित्येक महिने उत्तम चाललंय. फिल्म बाडर कंपनीची, ५.० घनतेची. ती सूर्यप्रकाशाचा फक्त एक लाखावा भाग आत सोडते. बिंब पांढरं, किंचित निळसर दिसतं आणि डागांच्या कडा स्वच्छ येतात.

फिल्म सुटी मिळते, चौकट आपण करायची. जाड पुठ्ठ्याची दोन कडी, मध्ये फिल्म, आणि नळीवर घट्ट बसेल अशी कड. फिल्म ताणू नका. सुरकुत्या राहिल्या तरी चित्र बिघडत नाही, ताणली की बिघडतं. सोलापूरचा वारा आणि धूळ ध्यानात घेऊन मी चौकट बाहेरून चिकटपट्टीनेही बांधतो. धूळ पुसायची नाही, हवेच्या फुग्याने उडवायची. रोज लावण्याआधी फिल्म उजेडासमोर धरून सुईएवढंही छिद्र नाही ना, ते बघायचं. शोधक दुर्बीण मी काढूनच ठेवलीय, कारण तिच्यातूनही ऊन थेट डोळ्यात जातं. नेम धरायला ती लागतच नाही: नळीची जमिनीवरची सावली सगळ्यात लहान झाली की सूर्य समोर आला. काही जुन्या संचांत नेत्रिकेला (डोळा लावायच्या भिंगाला) लावायची गडद काच येते. ती कुणालाही देऊ नका, फोडून टाका. दुर्बिणीने एकवटलेली सगळी उष्णता त्या काचेवर पडते, काच तडकते आणि डोळा कायमचा जातो.

आता वेळ. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही, पण ऊन असलं म्हणजे हवा स्थिर असतेच असं नाही. गच्चीचा स्लॅब तापला की बिंबाची कड उकळल्यासारखी थरथरते. सूर्य शेजारच्या इमारतींच्या वर आल्यापासून स्लॅब तापेपर्यंतचा सकाळचा तासभर सर्वोत्तम. मे महिन्यात तर आठ वाजल्यानंतर फार बारीक काही दिसेल ही आशा सोडावी. त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. तेव्हा साध्या तिकाटण्यावरची दुर्बीण तिथवर वळतच नाही, नळी पायाला अडते. पावसाळा मात्र वाटतो तेवढा आडवा येत नाही. जिल्हा पर्जन्यछायेतला, ढगांना फट पडते आणि मोजणी उरकते.

२५ मिमीच्या नेत्रिकेने २८ पट वर्धन मिळतं, पूर्ण बिंब सुखाने मावतं. १० मिमीने ७० पट. मोठ्या डागाचा काळा गाभा आणि भोवतीची करडी झालर वेगळी दिसते. कडेकडे बिंब मंद होत जातं आणि तिथेच फिकट, उजळ रेषांची जाळी दिसते. हा डाग काळा म्हणजे विझलेला नव्हे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्व्हिन आणि डागाचा गाभा ४,००० च्या आसपास, म्हणून तुलनेने काळा. तिथलं तीव्र चुंबकीय क्षेत्र खालून येणारी उष्णता अडवतं.

खरी गोडी बघण्यात नाही, मोजण्यात आहे. एकोणिसाव्या शतकातल्या रुडॉल्फ वोल्फ या स्विस खगोलशास्त्रज्ञाची पद्धत अजून चालते: डागांच्या गटांची संख्या गुणिले दहा, अधिक सगळ्या गटांतले मिळून एकूण डाग. चार गट आणि सतरा डाग असतील तर ५७. ब्रुसेल्सच्या वेधशाळेचा रोजचा जागतिक आकडा जाहीर होतो, त्याच्याशी ताळा लावायचा. माझा आकडा बहुधा कमी भरतो. लहान दुर्बिणीला बारके डाग सुटतात, आणि म्हणूनच प्रत्येक निरीक्षकासाठी वेगळा गुणक धरायची सोय त्या सूत्रात आहे. किती प्रामाणिक रचना! आकड्याबरोबर १५ सेंमीच्या वर्तुळात चित्रही काढतो. नेत्रिकेआधी बसवलेल्या काटकोनी आरशामुळे डावं-उजवं उलटतं, त्यामुळे उपग्रहाच्या चित्राशी जुळवताना कागद पालथा करून उजेडावर धरावा लागतो. शेजारची आठवीतली मुलगी आता माझ्याआधी वर्तुळ आखून ठेवते. तिने एका आठवड्याचे कागद एकावर एक धरले आणि म्हणाली, "काका, डाग सरकलाय की ओ!" सूर्य फिरतो हे तिला पुस्तकात भेटायच्या आधी कागदावर दिसलं. डाग बिंबाच्या एका कडेवरून दुसरीकडे जायला साधारण तेरा दिवस घेतो.

मला ध्रुवावरच्या बर्फाचे आणि ज्वालामुखींचेही आकडे बघायची सवय आहे. दर सप्टेंबरात आर्क्टिकचा बर्फ वर्षाच्या नीचांकाला येतो, अंदमानातल्या बॅरन बेटावर धूर निघाला की ती बातमीही वाचतो. सोलापूर उभं आहे तो काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच, त्यामुळे ती ओढ साहजिक आहे. पण बर्फ आणि ज्वालामुखी दोन्हींसाठी इथून दुसऱ्याच्या आकड्यांवर विसंबावं लागतं. सूर्य तेवढा आपल्या गच्चीवरून स्वतः मोजता येतो. हाइनरिश श्वाबे हा देसाऊचा औषधविक्रेता १८२६ पासून सतरा वर्षं रोज डाग नोंदत राहिला आणि डाग वाढण्या-घटण्याचं चक्र त्याला सापडलं. पेशाने तो खगोलशास्त्रज्ञ नव्हता. मे २०२४ मध्ये १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहातून उसळलेल्या वादळांनी लडाखच्या हानलेपर्यंत आकाश ध्रुवीय प्रकाशाने लाल केलं. तो समूह नुसत्या ग्रहणचष्म्यातूनही दिसण्याएवढा मोठा होता.

उणिवा आहेत. दुर्बिणीसोबत आलेलं तिकाटणं हलकं आहे. जूनच्या वाऱ्यात बिंब स्थिर राहत नाही, मी मधल्या पट्टीला वाळूची पिशवी बांधतो. फोकसचा खटका ढिला आहे. आणि या फिल्ममधून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला कधीच दिसणार नाहीत. त्यासाठी हायड्रोजन-अल्फाची, म्हणजे हायड्रोजनचा एकच लाल रंग दाखवणारी दुर्बीण लागते, ती कितीतरी महाग.

ती घेण्याची मला घाई नाही. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, कमाल पातळी गाठल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं आणि आता उतरण आहे. मागच्या तळाला, २०१९ मध्ये, वर्षातले २७० हून जास्त दिवस बिंबावर एकही डाग नव्हता. या उतरणीची पूर्ण नोंद मला याच दुर्बिणीने, मध्ये साधन न बदलता, करायची आहे, नाहीतर आकडे आपसात जुळणार नाहीत. फिल्म मात्र वापरून झिजते, म्हणून त्याच घनतेच्या फिल्मचा आणखी एक तुकडा मी आत्ताच आणून ठेवलाय.