सोलापुरात कॅमेरा ठेवायचा कशात: हवाबंद डबा की ड्राय कॅबिनेट?

सोलापूरची हवा कोरडी, इथं कसली आलीय बुरशी, या भरवशावर मी पाच वर्षं कॅमेरा बॅगेतच ठेवला. मग एकदा गणपतीच्या तोंडावर बॅग उघडली आणि ५० मिमीची लेन्स मोबाईलच्या टॉर्चसमोर तिरपी धरली, तर आतल्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तीन-चार बारीक पांढरे धागे. दुरुस्तीवाल्याने लेन्स खोलून ते पुसले, पण कोटिंगवर उमटलेला व्रण गेला नाही. उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की तो अजून दिसतो.

यात पावसाइतकाच आपल्या कूलरचा हात. मे महिन्यात दुपारी गॅलरीत माझा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजणारं यंत्र, २० टक्क्यांच्या आसपास असतो. तोच खिडक्या लावून कूलर चालवलेल्या खोलीत ठेवला की रात्रीतून ७० ला जातो. बुरशीला ६० ते ६५ च्या वरची दमट हवा सलग काही दिवस मिळाली की भागतं. त्यात इथला खरा जोराचा पाऊस सप्टेंबरचा. म्हणजे उन्हाळ्यात कूलर, पुढं पाऊस, आणि बॅगेच्या आत अंधार, फोम, घामेजलेला पट्टा. बॅग ही कॅमेरा न्यायची वस्तू आहे, ठेवायची नाही.

ठेवायची जागा ४० ते ५० टक्क्यांची हवी. त्यासाठी दोनच पर्याय विचारात घेण्यासारखे: हवाबंद डबा, नाहीतर ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा विजेवर कोरडी ठेवणारं छोटं कपाट. स्टुडिओवाले पूर्वी लाकडी कपाटात १५ वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवत. चालायचं ते, पण त्यात उष्णतेवर ताबा नाही. डांबराच्या गोळ्या मात्र कॅमेऱ्याजवळ नकोतच, त्यांची वाफ काचेवर बसते. तांदूळही नको, त्याची पूड बटणांच्या फटीत जाते.

आधी डबा. झाकणाला रबरी कड आणि चारी बाजूंना क्लिपा असलेला २० लिटरचा प्लास्टिक डबा, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा डिजिटल हायग्रोमीटर, सगळं मिळून मला दीड हजाराच्या आत पडलं. एवढ्याशा पुड्यांनी काय होणार, असं मलाही वाटायचं. हिशोब करून बघा. ३० अंशाला हवा पाण्याने पार भिजलेली असली तरी एका घनमीटरमध्ये बाष्प असतं ३० ग्रॅम. म्हणजे २० लिटरच्या डब्यात जेमतेम ०.६ ग्रॅम. आणि २०० ग्रॅम कोरडं जेल ४० ग्रॅमच्या आसपास पाणी सहज ओढतं. म्हणजे डब्यातली हवा हा प्रश्नच नाही. पाणी येतं ते पट्ट्यातून, कापडातून आणि दर वेळी झाकण उघडताना. म्हणून पट्टे आणि कापडी कव्हरं मी बाहेरच ठेवतो.

जेल नारिंगी घ्या, ओल पिऊन हिरवं होतं. निळं-गुलाबी मिळतं, पण त्यात कोबाल्ट क्लोराईड असतं, घरात लहान मुलं असतील तर नकोच. हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशावर दोन तास, की पुन्हा नारिंगी. त्या ट्रेमध्ये परत केक करायचा नाही, एवढी अट आमच्या घरी घालण्यात आलेली आहे. पाऊसकाळात हे महिन्यातून एकदा, हिवाळ्यात विसरलात तरी चालतं. आणि जेल जास्त झालं तर डबा २० टक्क्यांवर उतरतो, तेही बरं नाही, रबर आणि लेन्सच्या आतलं ग्रीस यांना फार कोरडी हवा मानवत नाही. मग मूठभर काढून घ्यायचं.

स्वस्तातला हायग्रोमीटर खोटं बोलू शकतो. तो तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला आणि दोन्ही एका बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ हवा. माझा ७१ दाखवतो, मी चार मिळवून वाचतो.

आता कॅबिनेट. पुढं काच, आत फळ्या, बाहेर आकडा. काहींत गार पडणारी पट्टी ओल खेचून मागून बाहेर सोडते, काहींत जेलच असतं आणि यंत्र ते आपलं आपण तापवून वाळवतं. आपण ४५ वर लावायचं आणि विसरायचं. वीज किरकोळ, सतत १० वॅट धरले तरी महिन्याला सात-साडेसात युनिट. लाईट गेली तरी दार बंद असेल तर आतली हवा काही तास टिकते. खटकते ती किंमत. मी चौकशी केली तेव्हा ३० लिटरचं सात हजारांच्या पुढंच होतं, आणि लांबचं टिपणारी टेलिफोटो लेन्स असेल तर ३० लिटर लगेच भरतं.

माझं मत सांगतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे फोटो, मधूनच नान्नजच्या माळढोक अभयारण्यात एखादी सकाळ, एक बॉडी आणि दोन-तीन लेन्स, असा कारभार असेल तर कॅबिनेट घेऊ नका. वाचलेले पैसे पुढच्या लेन्ससाठी ठेवा. आपली हवा वर्षातले निम्मे महिने फुकटात काम करते, मुंबईला ती सोय नाही.

लग्नाच्या ऑर्डरी घेत असाल तर उलटं. सीझनमध्ये डबा दिवसातून चारदा उघडतो, मध्यरात्री मंगल कार्यालयातून थकून आल्यावर जेलचा रंग कुणी बघत नाही, आणि एका लेन्सच्या साफसफाईत कॅबिनेटच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. तुम्ही कॅबिनेटच घ्या, तेही ५० लिटरचं. फक्त पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, आपल्याकडे ती भिंत मे महिन्यात रात्री दहालाही हाताला चटका देते. आणि पावसात भिजून आलेला कॅमेरा थेट आत नको. बॅटरी काढून, पुसून, पंख्याखाली तासभर, मग आत.