कर्मचारी समुपदेशन सेवा: मॅडम चांगल्या, दार चुकलं

आधी गुण देऊन टाकते. फोनवर बोलणाऱ्या समुपदेशक मॅडमना पाचपैकी साडेचार. ही सेवा ज्यांनी मांडली त्यांना दीड, तोही फोनची सोय उशिरा का होईना केली म्हणून.

मी कोविड आयसीयूत नर्स होते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी जाहीर केली आणि काही महिन्यांनी आमच्या नोटीस बोर्डावर कागद लागला: कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशन, सहा बैठका, संपूर्ण गोपनीय.

आता ही गोपनीयता कशी होती ते ऐका. खोली मानसोपचार ओपीडीच्या बोळात, बरोबर स्टाफच्या लिफ्टसमोर. वेळ घ्यायची तर नर्सिंग ऑफिसातल्या रजिस्टरात नोंद करायची. नाव, वॉर्ड, कर्मचारी क्रमांक आणि 'कारण' असा एक रकाना. पहिल्या पानावर तिसऱ्या ओळीत कुणीतरी नाव लिहून नंतर ते खोडलं होतं. पेन इतकं गिरवलेलं की कागद फाटून खालचं पान दिसत होतं. त्याच्या खाली सगळं कोरं. मी दोनदा त्या टेबलापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा स्टेपलर मागून परत आले.

यात लाजायचं काय, असं बाहेरच्याला वाटेल. खाली उभं राहून आमच्यासाठी टाळ्या वाजवणारे शेजारी लिफ्टपाशी मी दिसले की म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो मागून." ते एक वेळ समजू शकते, त्यांना विषाणूची भीती होती. पण आतली तऱ्हा वेगळी. ताप आलाय म्हटलं तर चौदा दिवस सगळ्यांचे फोन. झोप येत नाही म्हटलं तर रोस्टर लावणारीचा चेहरा बदलायचा. आणि स्टाफरूममध्ये जी एकदा रडली, तिच्या नावापुढे 'हिला झेपत नाही' कायमचं लागलं.

मग नैराश्य तपासायचा एक फॉर्म आला, पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून जास्त झालं की नीट तपासायला हवं. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल असतो. आणि फॉर्मच्या डोक्यावर पुन्हा कर्मचारी क्रमांक! माझी बेरीज चार आली. आयुष्यभर चार्ट भरलेल्या बाईला आकडे जमवता येतात.

ही भीती एकट्या माझी नव्हती. न्यूयॉर्कमध्ये आपत्कालीन विभाग सांभाळणाऱ्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये आत्महत्या केली. मानसिक उपचार घेतल्याचं कळलं तर करिअर संपेल, ही धास्ती त्यांना होती, असं घरच्यांनी नंतर सांगितलं. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत त्यांच्या नावानं कायदा झाला.

फोनची सोय आली तेव्हा नाव विचारत नाहीत एवढं ऐकूनच मी लावला. नाइट संपवून, बंद गाडीत बसून. मॅडमनी 'सकारात्मक राहा' म्हटलं नाही, तिथेच अर्धा गुण. विचारलं, घरी गेल्यावर पहिलं काय करता? म्हटलं, अंघोळ. किती वेळ? पाऊण तास. मग हळूहळू बाकीचं निघालं. घरातला मायक्रोवेव्ह वाजला की माझा हात अलार्म बंद करायला वर जातो. एका पेशंटच्या कानाशी प्लॅस्टिकच्या पिशवीतला फोन धरला होता. पलीकडून मुलगी विचारत होती, बाबांना ऐकू येतंय का? मी हो म्हटलं. मला काय माहीत, येत होतं का.

मॅडम थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "बेड नंबर कितीचे होते ते?" सात, मी म्हटलं. "मग सातबद्दल सांगा." त्या दिवशी पन्नास मिनिटं बोलले.

झोपेचा सल्ला कामाचा निघाला: वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, पेंग आली की परत यायचं, अंथरुणात फोन नाही. पहिला आठवडा हाल झाले, मग फरक पडला. घाबरं झाल्यावर पाच वस्तू बघा, चार गोष्टींना स्पर्श करा, हा प्रकार मात्र वॉर्डात साफ फसला. गॉगलवर वाफ, हातात दुहेरी ग्लोव्हज, वास म्हणाल तर एन-९५ मधला स्वतःच्याच श्वासाचा. सांगितलं तर त्या खो खो हसल्या आणि म्हणाल्या, बरं, बुटात पायाची बोटं दाबा. ते जमलं.

तक्रारी आहेत. फोन सकाळी दहा ते पाच. नाइटवाल्यांनी झोपायचं कधी? सेवेच्या पोस्टरवर 'दीर्घ श्वास घ्या' आणि त्याच भिंतीवर सलग सात नाइटचं रोस्टर. कामावरच्या ताणाचं नीट व्यवस्थापन न झाल्यानं येतो तो बर्नआउट, असं आयसीडी-११ ही जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची वर्गवारी सांगते. आमच्याकडे व्यवस्थापन करायचं ते आमच्या श्वासांनी.

आणि सहा म्हणजे सहाच. शेवटच्या बैठकीत मॅडम म्हणाल्या, आता मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवा, मी चिठ्ठी पाठवते. चिठ्ठी आली. वेळ कुठे घ्यायची? नर्सिंग ऑफिसातल्या रजिस्टरात.

फाटलेल्या ओळीखाली माझं नाव आहे. कारणाच्या रकान्यात मी 'पाठदुखी' लिहिलंय.