स्लिपवर कपात, रेकॉर्डवर ‘काम सोडले’

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत ठेकेदाराच्या हजेरीवर काम करणाऱ्या भावांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. माझ्या बाबतीत झालं ते तुमच्या नावावर आज, या क्षणी चालू असू शकतं आणि तुम्हाला पत्ताही नसेल.

एप्रिल 2022 मध्ये मी एका फॅब्रिकेशन कंपनीत ठेकेदारामार्फत लागलो. पगार 14,000. पहिल्याच महिन्यात कामगार राज्य विमा योजनेचा, म्हणजे ईएसआयचा, विमा क्रमांक मिळाला, बायको-मुलांची नावं असलेलं कार्ड हातात आलं. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला ‘ईएसआय 105’ लिहिलेलं असायचं. 105 गेले तरी घरच्यांच्या दवाखान्याची सोय झाली, या समाधानात मी होतो.

फेब्रुवारी 2023 मध्ये एका रात्री बायकोच्या पोटात असह्य दुखायला लागलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. लवकर ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी तिला म्हटलं, घाबरू नको, आपलं कार्ड आहे. नागपूरच्या सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात गेलो. खिडकीवरच्या ताईंनी नंबर टाकला, परत एकदा टाकला, आणि हळूच विचारलं, “दादा, तुम्ही मागच्या जूनमध्येच काम सोडलं ना?”

माझ्या अंगावर कंपनीचा युनिफॉर्म होता. रात्रपाळी करून तसाच आलो होतो.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एप्रिल आणि मे मिळून 52 दिवसांची वर्गणी भरलेली. जूनपुढे शून्य दिवस, कारण ‘काम सोडले’. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत 78 दिवस भरले असते, तर जानेवारीपासून जूनपर्यंत आमचा हक्क चालू राहिला असता. स्लिपवर मात्र जूनपासून जानेवारीपर्यंत आठही महिने 105 कापलेले होते. त्या ताईंनी चिडचिड न करता सगळं समजावून सांगितलं, हे मी विसरणार नाही.

बायकोचं दुखणं थांबत नव्हतं. घाबरून जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. बिल 62,000 झालं. तिची पोत गहाण ठेवली.

ठेकेदार आधी म्हणाला, “अरे भाऊ, कॉम्प्युटरची चूक आहे, आठ दिवसांत होऊन जाते.” महिना गेला. मग एका संध्याकाळी त्याने बोलावलं, 1,000 रुपये हातात दिले आणि एक टाइप केलेला कागद समोर सरकवला. “तुझी कटौती परत घे, वरचे चहापाण्याला. इथं सही मार.” कागदावर होतं : माझे कोणतेही येणे बाकी नाही. मी पेन उचललाही होता. वेल्डिंगवाले काका सोबत होते, त्यांनी माझं मनगट धरलं.

इथे थांबून नीट समजून घ्या. माझे 0.75 टक्के म्हणजे 105, आणि त्यावर मालकाचे 3.25 टक्के म्हणजे 455. दर महिन्याला 560 भरायचे होते, तेही पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. माझे 840 परत करून ठेकेदार बाकीच्या 3,640 रुपयांतून आणि 62,000 च्या बिलातून माझ्या सहीने सुटणार होता. पगारातून कापून न भरणं हा 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्यात एक ते तीन वर्षं कैदेचा गुन्हा होता. आणि विमाधारक कोण, हे सांगताना तो कायदा ‘ज्याची वर्गणी भरली’ म्हणत नव्हता, ‘ज्याची वर्गणी देय आहे किंवा होती’ म्हणत होता. माझी देय होती. काम मी केलं होतं.

कंपनीत गेलो तर एचआरवाले साहेब म्हणाले, तुम्ही आमचे नाही, ठेकेदाराचे. हेही खोटं होतं. त्याच कायद्याच्या कलम 40 आणि 41 प्रमाणे ठेकेदाराच्या माणसाची वर्गणी आधी मूळ मालकानेच, म्हणजे कंपनीने, भरायची होती, मग ठेकेदाराकडून वसूल करायची होती. आपल्याला हे माहीत नसतं, म्हणून या दारातून त्या दारात फिरवतात.

गणेशपेठेतल्या ईएसआयच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. सोबत स्लिपा, पगार जमा झालेलं पासबुक आणि गेटपास जोडला. गेटपास मी जपून ठेवला होता म्हणून बरं, कारण हजेरीचं रजिस्टर ठेकेदाराच्या ताब्यात असतं. अधिकारी तपासणीला आले तेव्हा आम्हा 14 जणांपैकी 9 जण कागदावर ‘काम सोडलेले’ निघाले. त्यात त्या दिवशी मशीनवर उभे असलेलेही होते.

थकलेली वर्गणी कंपनीने 12 टक्के व्याजासह भरली. माझ्या 62,000 चा दावा मात्र अजून विमा न्यायालयात आहे, आणि पोत अजून सोडवलेली नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. माझ्या रेकॉर्डवर मोबाइल नंबर ठेकेदाराच्या मुनीमाचा होता, त्यामुळे ओटीपी त्याच्याकडे जायचा आणि मला काही पाहताच येत नव्हतं. तो मी बदलून घेतला. आता दर महिन्याच्या 20 तारखेला आम्ही सगळे टी-पॉइंटच्या टपरीवर मोबाइल काढून आपापले दिवस बघतो. गेल्या महिन्यात एका पोराच्या नावापुढे 26 ऐवजी 11 दिवस होते. त्याच्या तक्रारीचा कागद आम्ही तिथेच बाकावर बसून लिहिला.