सांध्यांच्या गोळ्या: पावसाळ्यापासून आजपर्यंतचा हिशेब

आमची चिंगी, पोमेरियन, वय ११. मागच्या उजव्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकते. चालता चालता पाय वर, तीन पायांवर दोन उड्या, एक झटका, की पुन्हा काही झालंच नाही. छोट्या जातींत हे सर्रास. आता वयाने संधिवातही आलाय, म्हणून ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉयटिनच्या (सांध्यातल्या कूर्चेसाठी पूरक म्हणून देतात त्या) गोळ्या सुरू केल्या.

त्यात काय असतं ते सगळ्यांना माहितेय. माझं भांडण आहे ते रेघेवरून. डब्यावर छापलंय, छोट्या कुत्र्याला अर्धी गोळी. आणि गोळीला मधे रेघच नाही! सुरी लावली की एक तुकडा ओट्याखाली, बाकीचा भुगा. एवढा महागाचा डबा, आणि त्यातलं निम्मं मी फडक्याने पुसते. मेडिकलमधून गोळी कापायची डबी आणली, तिच्यातही भुगाच. कस्टमर केअरला फोन केला तर बाई म्हणतात, "मॅम, मग अख्खी द्या ना." म्हणजे डबा दुप्पट वेगाने संपणार. त्यांना चालेलच!

गुण आला का? दिवाळीपर्यंत मी सोसायटीभर सांगत होते, आला. सकाळी उठताना चिंगी अडखळेनाशी झाली होती. मग वजन केलं, तर साडेपाच किलोची पावणेपाच झालेली. तूप-पोळी आणि आजोबांच्या चहातली बिस्किटं याच काळात बंद झाली होती. आता गोळीला किती श्रेय द्यायचं? ग्लुकोसामाइनचा कुत्र्यांमधला पुरावा तसा लंगडाच. वजनाचा भक्कम आहे: २००२ साली प्रसिद्ध झालेल्या लॅब्रेडॉरांच्या अभ्यासात पाव हिस्सा कमी खाणाऱ्यांना संधिवात उशिरा झाला, आयुष्यही जवळपास दोन वर्षं वाढलं.

त्याहून खूश केलं ते जुन्या योगा मॅटने. पट्ट्या कापून सोफ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत टाकल्या, पंजाच्या गाद्यांमधले केस कापले, नखं वेळच्या वेळी. गुळगुळीत टाइल्सवर तिचे मागचे पाय फाकायचे, ते थांबलं. खर्च शून्य.

गोळ्यांना दोन तारे. डबा संपला की डॉक्टरांना विचारून ओमेगा-३ वालं माशाचं तेल.

थंडीत दुखणं वाढलं तेव्हा आजोबा आपली आयबुप्रोफेन घेऊन उभे होते. माणसांची ही गोळी कुत्र्याच्या पोटात अल्सर करते, किडनी घालवते. डॉक्टरांनी रक्त तपासून मेलॉक्सिकॅम हे कुत्र्यांना देतात ते वेदनाशामक दिलं, तेही वजनावर मोजून. आजोबांच्या गोळ्या आता वरच्या फळीवर.