पिशव्या कोरड्या, कॅरिअर भक्कम, आणि तो खालचा हुक! नदीकाठच्या मार्गांवर हंगामभर वापरलेले पॅनियर

खालचा हुक तुटला. पॅनियरच्या, म्हणजे सायकलच्या कॅरिअरला बाजूने टांगायच्या पिशवीच्या, पाठीवर तळाकडे बसवलेला बोटभर प्लास्टिकचा तुकडा. वळणावर पिशवी बाहेर झुलू न देणं एवढंच त्याचं काम. जर्मनीत एल्बेकाठी टोरगाउ सोडून विटेनबर्गकडे जाताना जुन्या गावांतल्या दगडी रस्त्यांवर तो गेला. सेवा केंद्राचं उत्तर आलं की ही वापरातली झीज आहे, सुटा हुक मिळत नाही, पाठीची पूर्ण पट्टी घ्या. काही ग्रॅमच्या तुकड्यासाठी दोन वरचे हुक, हँडल आणि हुक जिच्यावर सरकतात ती अख्खी रेल! हुक कच्चा आहे, असंच तेव्हा मत झालं. या परीक्षणाचा बराचसा भाग त्या हुकावर जाणार आहे, नाइलाज आहे.

माझी जोडणी अशी: रोल-टॉप (तोंड गुंडाळून बंद करायच्या) पिशव्यांची जोडी, मिळून 40 लिटर. 10 मिमी नळीचं स्टीलचं कॅरिअर. 40 मिमीचे टायर. मागे साधारण 14 किलो सामान. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतात.

हीच जोडी, एवढंच वजन घेऊन तीन नद्यांच्या काठाने गेली आणि तिन्ही ठिकाणी वेगळी वागली. डॅन्यूबवर पासाउ ते व्हिएन्ना बहुतेक रस्ता डांबरी, नदीलगतचा, जवळजवळ सपाट. तिथे पिशव्यांचा आवाजही नाही. मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा टप्पा, 2000 पासून युनेस्कोच्या यादीत असलेला, इतका गुळगुळीत आहे की त्यावर कुठलंही पॅनियर चांगलंच वाटेल. ड्यूर्नश्टाइनच्या गल्लीत थोडी खडखड झाली, तेवढंच. फक्त डॅन्यूबवर चालवून लिहिलेल्या परीक्षणांवर म्हणून फार विश्वास ठेवू नका.

फ्रान्समधल्या ल्वारवर बऱ्याच ठिकाणी नदीच्या बांधावरून, दाबून बसवलेल्या बारीक खडीवरून वाट जाते. तिथे धक्के नाहीत, पण बारीक वाळू हुक आणि नळीच्या मध्ये शिरते आणि सँडपेपरचं काम करते. ऑर्लेआँ ते सोम्युर एवढ्यात कॅरिअरच्या वरच्या नळीचा रंग चार जागी खरवडून लोखंड दिसायला लागलं. एल्बेवर मात्र सगळ्याची परीक्षा होते. बाड शांडाउ ते माइसन बहुतांश सुखाचं आहे. पुढे गावांच्या आत गोल डोक्याचे दगड, म्हणजे गोटे, आणि शेतांमधून पूर्वीच्या पूर्व जर्मनीतल्या काँक्रीटच्या लाद्यांच्या वाटा. लाद्यांचे सांधे ठरावीक अंतराने येतात, त्यामुळे धक्काही ठरावीक तालात बसत राहतो. हुकाला मारणारा धक्का हाच. एखादा मोठा खड्डा परवडला.

आता हुक नेमका का तुटतो ते. वरच्या हुकांचं तोंड 16 मिमी नळीसाठी केलेलं असतं. सोबत ते तोंड नळीच्या मापाचं करायला 8, 10 आणि 12 मिमीचे प्लास्टिकचे इन्सर्ट येतात. 10 मिमी नळीवर इन्सर्टशिवाय पिशवी टांगली तर 6 मिमीचा खेळ राहतो. प्रत्येक सांध्यावर पिशवी उचलली जाते आणि परत आपटते. त्याहून वाईट म्हणजे ती पुढे-मागे सरकते. ही सरकण अडवायला कुणी नसेल तर ती खालच्या हुकावर येते, कारण कॅरिअरच्या उभ्या दांडीला अडकलेला तो एकटाच असतो. त्याची घडण बाहेरच्या झोल्यासाठी आहे. लांबीच्या दिशेने त्याला वळवलं की तो मुळापाशी, जिथे बारीक होतो तिथे, चिरतो.

त्यामुळे पट्टी मागवायच्या आधी हे करून बघा:

पिशवी रिकामी करा. वरच्या दोन्ही हुकांत नळीच्या मापाचा इन्सर्ट बसवा. नळी मोजायला व्हर्नियर (सरकत्या जबड्याची मोजपट्टी) घ्या, डोळ्यांचा अंदाज नको. 10 आणि 12 मधला फरक डोळ्यांना कळत नाही, पण पिशवीला कळतो. मग हुकांचे स्क्रू सैल करून ते रेलवर असे सरकवा की निदान एक हुक कॅरिअरच्या आडव्या दांडीला किंवा वेल्डच्या जोडाला अगदी खेटून बसेल. दुसरा शक्यतो विरुद्ध बाजूच्या जोडाला. दोन्हीकडून अडलेली पिशवी सरकत नाही. ही एक गोष्ट झाली की ऐंशी टक्के त्रास संपतो, आणि माहितीपुस्तिकेत मात्र ती नखाएवढ्या एका चित्रात उरकली आहे.

त्यानंतर टाच बघा. पेडल मागे असताना टाच पिशवीला घासत असेल तर दोन्ही हुक पुढच्या बाजूला सरकवा, म्हणजे पिशवी मागे जाईल. चेनस्टे (पेडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतची फ्रेमची नळी) 450 मिमी किंवा जास्त असेल तर अडचण येत नाही. 430च्या आसपास असेल आणि बूट मोठे असतील तर येते. टाचेसाठी जागा करताना आडव्या दांडीचा आधार सुटतो, तेव्हा हे दोन्ही एकत्रच जुळवायचं.

खालचा हुक सगळ्यात शेवटी. पिशवी टांगून, भरून, मग तो उभ्या दांडीच्या मागे येईल असा फिरवा. दांडी जिथे तिरकी होते तिथे नको, तिथे तो धक्क्यासरशी वर चढतो. सरळ भागात ठेवा. स्क्रू हाताने घट्ट करून वर पाव फेरी. जास्त आवळलं की प्लास्टिकला तिथेच चीर जाते आणि ती काही आठवडे दिसत नाही.

इन्सर्टची आणखी एक खोड आहे. ते नुसते दाबून बसवलेले असतात. पिशवी रोज काढ-घाल केली की एखादा निसटून पडतो, आणि काळा तुकडा काळ्या रस्त्यावर कुठे शोधणार! उपाय: इन्सर्ट बसवताना आत गोंदाचा एक ठिपका. पूर्ण चिकटवायचा नाही, पुढे दुसऱ्या मापाचं कॅरिअर आलं तर काढता यायला हवा.

नंतरची भर. वर लिहिलेलं सगळं केल्यावर त्याच लाद्यांवर नवा हुक टिकला. त्यामुळे "हुक कच्चा आहे" हे मत मागे घेतो. हुक पुरेसा आहे, वरच्या हुकांचं काम त्याच्यावर टाकू नये एवढंच. सुट्या भागांच्या धोरणाबद्दलचं मत मात्र तसूभरही बदललेलं नाही. पूर्ण पट्टी बदलायची म्हणजे पिशवीच्या आतून स्क्रू काढावे लागतात. प्रत्येक स्क्रूखाली पाणी अडवणारी वायसर असते. ती हरवली किंवा तिरकी बसली की पुढच्या पावसात पाठीच्या बाजूने पाणी आत. एका हुकापायी धडधाकट पिशवीला भोकाची जोखीम घ्यायला लावणं हे कुठलं शहाणपण?

आणि पट्टी हातात येईपर्यंत जे चालतं ते फुकट आहे: जुन्या ट्यूबमधून दीड सेंटीमीटर रुंद कडं कापा, उभ्या दांडीभोवती आणि तुटलेल्या हुकाच्या उरलेल्या बुडख्याभोवती ओढून घाला. झोला थांबतो. हीच ट्यूब कॅरिअरच्या वरच्या नळीभोवती गुंडाळा असं काहीजण सांगतात, ते करू नका. तिच्याखाली वाळू आणि ओल दोन्ही साचतात आणि रंग खरवडलेला असेल तर गंज आतल्या आत वाढतो. तिथे फ्रेमवर लावायची पारदर्शक संरक्षक पट्टी लावा. आधी नळी स्पिरिटने पुसून घ्या. एका हंगामात पट्टी झिजते, नळी शाबूत राहते.

आता कॅरिअर. याला सुरुवातीला मी पूर्ण गुण दिले होते. एक गुण काढून घेतला तो बोल्टमुळे. कॅरिअरचा पाय फ्रेमच्या डोळ्याला (मागच्या चाकाजवळच्या आटे पाडलेल्या भोकाला) एम5, म्हणजे 5 मिमीच्या, बोल्टने बसतो. पाय आणि डोळा यांच्यात मडगार्डची तार, डिस्क ब्रेकचा कॅलिपर चुकवायला स्पेसर (मध्ये अंतर ठेवणारं नळकांडं), असं काहीबाही येतं. पाय डोळ्याला सपाट टेकलेला असेल तर दोघांमधलं घर्षण भार पेलतं आणि बोल्ट फक्त दाबून धरतो. मध्ये 10 मिमीचा स्पेसर आला की तोच बोल्ट भिंतीतून बाहेर आलेल्या खुंटीसारखा वाकायला लागतो. गोट्यांवर हजारो वेळा वाकल्यावर डोळ्याच्या तोंडाशी तुटतो. बहुधा चेनच्या बाजूचा, कारण तिथे आतून जागा नसते म्हणून लोक बोल्ट आखूड घालतात आणि आटे अर्धेच धरतात.

तेव्हा: मडगार्डची तार वेगळ्या डोळ्यावर न्या, फ्रेमला दुसरा डोळा असेल तर. नसेल तर तार बाहेरच्या बाजूला, बोल्टच्या डोक्याखाली, आणि कॅरिअरचा पाय फ्रेमला थेट लागून. आट्यांना मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद), आवळणी 5 ते 6 न्यूटन-मीटर. लाल थ्रेडलॉकर नको, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही. चाक बसवल्यावर चेन सगळ्यात छोट्या दातेरी चक्रावर टाकून पेडल फिरवा आणि बोल्टचं टोक चेनला लागत नाही ना, ते बघा. डाव्या बाजूला जागा असते, तिथे आतून नायलॉनवाला नट चढवून टाका. बोल्ट स्टेनलेसचा, ए2-70 श्रेणीचा पुरतो. काहीजण 12.9 श्रेणीचा कडक पोलादी आणतात. तो ताकदवान खरा, पण गंजतो आणि ठिसूळपणे तुटतो. मूळ चूक स्पेसरची असताना बोल्ट महाग करून उपयोग नाही.

तुटलाच तर डोळ्यातून आतल्या बाजूला टोक डोकावत असेल, तर पक्कडीने ते पकडून आतल्या बाजूनेच फिरवून काढता येतं. तुकडा आत बुडालेला असेल तर रस्त्यावर त्याच्या नादी लागू नका. पाय फ्रेमला केबल-टायने किंवा पाइपाच्या क्लिपने करकचून बांधा, त्या बाजूचं जड सामान दुसरीकडे हलवा आणि पुढच्या शहरापर्यंत सावकाश जा. उलट्या दिशेने कापणारा ड्रिल-बिट असलेलं दुकान हे काम थोड्या वेळात करतं, अनेकदा तुकडा ड्रिल करतानाच सुटून येतो.

वजनाबद्दल थोडकंच. कॅरिअरवर लिहिलेली 25 किलोची मर्यादा सगळ्याची मिळून असते, वर बांधलेला तंबूही त्यात आला. जड वस्तू तळाशी आणि पाठीच्या पट्टीकडे, दोन्ही पिशव्या एक किलोच्या फरकात. गोट्यांवर मागच्या टायरची हवा थोडी कमी ठेवा. 40 मिमीला एवढ्या वजनात मी 4 बारवरून 3.5वर आलो आणि हुक, बोल्ट, आरे सगळ्यांनाच बरं वाटलं.

पाण्याबद्दल तक्रार नाही. पिशवीचं आयपी64 हे मानांकन म्हणजे कुठूनही उडालेल्या पाण्यापासून बचाव, नदीत पडल्यावर नाही. तोंडाची गुंडाळी तीन वेळा तरी, आणि आतली हवा आधी काढून. दोनच वेळा गुंडाळता येत असेल तर पिशवी जास्त भरली आहे असं समजा.

जुन्या गावांत या पिशव्यांची खरी अडचण वेगळीच आहे: त्यांना कुलूप नसतं. माइसनचा आल्ब्रेख्ट्सबुर्ग असो की नदीपासून कितीतरी वर डोंगरावर बसलेला क्योनिगश्टाइनचा किल्ला, वर चढायचं तर पिशव्यांचं करायचं काय? हँडलमधून पातळ स्टीलची तार ओवून फ्रेमला बांधली तर उचलून पळणारा थांबतो, उघडून बघणारा नाही. मौल्यवान वस्तू हँडलबारच्या पिशवीत, आणि ती सोबत.

नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर चढताना लोखंडी उताराच्या कडेला सायकल उचलून घ्या, ढकलून आपटू नका. कॉस्विग ते व्योर्लिट्झ बाजूची फेरी इंजिनावर चालत नाही, दोराला बांधलेली ती प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाते, त्यामुळे धक्का जवळपास नसतोच. मात्र एल्बेचं पाणी फार उतरलं किंवा फार चढलं की अशा फेऱ्या बंद असतात, तेव्हा पुलापर्यंतचा वळसा धरून दिवस आखा. सॅक्सनीत बोल्ट तुटला तर सोपं आहे: माइसन, ड्रेस्डेन, बाड शांडाउ हा पट्टा एस1 लोकलने जोडलेला आहे आणि तिच्यात सायकल नेता येते. चढवण्याआधी पिशव्या उतरवा, आधी त्या आत ठेवा, मग सायकल. भरलेल्या सायकलने डब्याच्या दारातली फट ओलांडताना सगळं वजन मागच्या कॅरिअरवरच येतं.